उजेडात आणणे आणि गोरे करणे



घरात कोणी वडीलधारे माणूस निवर्तले की थोड्याच वेळात एक प्रश्न निघतो: फोटो कोणता लावावयाचा? पाहुणे जमू लागलेले असतात, आणि घरातील तरुण मंडळी एका कोपऱ्यात बसून मोबाइल चाळीत असतात. मोबाइलमध्ये फोटो हजारो असतात; पण आजोबांचा, नीट बसलेला, डोळे दिसणारा असा एकही नसतो. अखेर कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीतला एक सापडतो. त्यातून चेहरा कापून काढतात, तालुक्याच्या गावी तो मोठा करवून घेतात, गळ्याखाली परक्याचा कोट चिकटवतात आणि वर चेहरा चांगला उजळ करून आणतात. चौकटीतून जे गृहस्थ आपणांकडे पाहतात, ते त्यांच्या स्वतःच्या नातवंडांनाही परके वाटतात.

याच्या उलट, कित्येक घरांत जुन्या पिढीतील कोणाचा तरी शहरातील स्टुडिओत काढलेला एकच फोटो असतो. कागद पिवळा पडलेला, कोपरे वाळवीने खाल्लेले. तरीही ते माणूस समोर बसल्यासारखे वाटते. त्यांच्या आयुष्यात तो एकच फोटो निघाला, आणि तो पुरला. आपले हजार पुरत नाहीत. असे का व्हावे?

यंत्र सुधारले म्हणून फोटो सुधारतो, अशी आपली समजूत आहे. पण त्या एका फोटोसाठी कोणी तरी आधी विचार केला होता. माणसाला कोठे बसवावे, उजेड कोणत्या बाजूने घ्यावा, मागे काय असावे, हे ठरवून मगच कॅमेऱ्याकडे हात नेला होता. फोटो काढणे म्हणजे मुख्यतः उजेडाची मांडणी करणे होय. आजच्या लेखात या मांडणीविषयी थोडे लिहावयाचे आहे. आणि तिच्याआड लपलेल्या एका अन्यायाविषयीही.

फ्रान्समध्ये दागेर यांनी शोधलेली छायाचित्रणाची रीत 1839 साली जगापुढे आली, आणि ही कला फार लवकर आपल्या देशात पोहोचली. मुंबईत 1854 साली छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली. मूळच्या गोव्यातील लाड घराण्याचे डॉ. भाऊ दाजी सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत.

पण आपल्या इंदूर व हैदराबाद येथील वाचकांना जवळचे वाटावे असे नाव म्हणजे राजा दीनदयाळ यांचे. त्यांचा जन्म 1844 साली मेरठजवळील सरधना येथे झाला. रुडकी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर रुजू झाले. वयाची तिशी गाठताना त्यांनी कॅमेरा हाती घेतला. होळकर दरबारचा आश्रय मिळाला, इंदूरला स्टुडिओ निघाला. पुढे सिकंदराबादला आणि 1896 साली मुंबईला. सहाव्या निजामांनी 1894 साली त्यांना 'राजा' हा किताब दिला. त्यांनी किल्ले, देवळे, राजवाडे यांचे फोटो काढले ते प्रसिद्धच आहेत. परंतु त्यांच्या एका कामाकडे मला विशेष लक्ष वेधावयाचे आहे. 1892 साली त्यांनी पडद्यातील स्त्रियांसाठी एक निराळा स्टुडिओ उघडला. भोवती उंच भिंती, आत पुरुषाला मज्जाव, आणि फोटो काढणारीही एक स्त्रीच, श्रीमती केनी-लेव्हिक नावाची. समोर बसणाऱ्या व्यक्तीला संकोच वाटणार नाही अशी जागा आधी सिद्ध करावी, मग तिचा फोटो काढावा, हे या माणसाने ओळखले होते. उजेडाच्या मांडणीची पहिली पायरी हीच आहे.

त्या काळी विजेचे दिवे नव्हते म्हटले तरी चालेल. म्हणून स्टुडिओचे छप्पर व एक बाजू काचेची करीत आणि तिला पडदे लावीत. काच शक्यतो उत्तरेकडे असे, कारण उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही, केवळ आकाशाचा शांत उजेड येतो. तो दिवसभर फारसा बदलत नाही, डोळ्यांना टोचत नाही आणि नाकाखाली काळी सावली पाडीत नाही. (बेळगाव व गोव्याकडे मेच्या आरंभापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे कललेला असतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.) पडदे ओढून किंवा सोडून छायाचित्रकार उजेड कमीजास्त करी. विहिरीचे पाणी पाटाने वळवून हव्या त्या वाफ्यात सोडावे, तसाच हा प्रकार.

पुढे विजेचे दिवे आले, तरी शास्त्र तेच राहिले. त्यातील चार गोष्टी समजल्या म्हणजे पुष्कळ समजले.

पहिली गोष्ट दिशेची. उजेड समोरून सरळ आला तर चेहरा थाळीसारखा सपाट दिसतो. डोक्यावरून आला तर डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो. भर दुपारी अंगणात किंवा छपरातील काचेच्या कौलाखाली उभे केलेले माणूस म्हणूनच आजारी दिसते. उजेड एका बाजूने आणि थोडा वरून आला, म्हणजे नाक, गाल, कपाळ यांना उठाव येतो. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रांट यांनी अशाच उजेडात माणसे रंगविली. खिडकीपासून दूर असलेल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण पडतो. तो दिसला की बसण्याची दिशा बरोबर साधली असे समजावे. या मांडणीला छायाचित्रकार आजही त्यांचेच नाव देतात.

दुसरी गोष्ट उजेडाच्या आकाराची. लहान दिव्याची सावली तीक्ष्ण पडते, मोठ्या खिडकीची मऊ. आणि खिडकी मोठी असूनही माणूस तिच्यापासून फार दूर बसले, तर त्या माणसाच्या दृष्टीने ती लहानच झाली. मऊ उजेड हवा असेल तर माणसाला खिडकीजवळ आणावे.

तिसरी गोष्ट अंतराची. लहान दिवा चेहऱ्यापासून दोन फुटांवर आहे. तो चार फुटांवर नेला, तर चेहऱ्यावरचा उजेड निम्मा होईल असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात तो चौथा हिस्साच उरतो. म्हणून दिवा वीतभर पुढेमागे सरकवला तरी चित्र पालटते.

चौथी गोष्ट रंगाची. दिवसाच्या उजेडात निळसर छटा असते, पिवळ्या बल्बच्या उजेडात तांबूस. आपल्या डोळ्यांना हे सहसा जाणवत नाही. कॅमेऱ्याला तत्काळ जाणवते. खिडकीचा उजेड आणि बल्ब असे दोन्ही एकत्र आले की एक गाल निळा, एक पिवळा असा चमत्कारिक चेहरा निघतो. खिडकी वापरावयाची असेल तर घरातील दिवे मालवावेत.

आता पूर्वतयारीचे एक उदाहरण देतो. 1941 सालच्या डिसेंबरच्या 30 तारखेस इंग्लंडचे पंतप्रधान चर्चिल यांनी कॅनडाच्या संसदेत भाषण केले. छायाचित्रकार युसुफ कार्श यांनी आदल्या संध्याकाळीच सभापतींच्या दालनात दिवे व कॅमेरा मांडून ठेवले होते. भाषण आटोपून चर्चिल आले. फोटो काढावयाचा आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांनी नाखुशीने काही क्षण दिले, पण तोंडातील चिरूट काही सोडला नाही. कार्श पुढे झाले, क्षमा मागून त्यांनी तो चिरूट हळूच काढून घेतला आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याची कळ दाबली. चर्चिल यांच्या मुद्रेवरचा तो त्वेष जगभर प्रसिद्ध झाला. 2016 साली निघालेल्या इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर हेच छायाचित्र आधाराला घेतले आहे. लोक चिरुटाची गोष्ट सांगतात. आदल्या संध्याकाळची गोष्ट कोणी सांगत नाही. दिवे आधी लागले नसते, तर चिरूट काढून घेऊनही काही उपयोग झाला नसता.

आपल्या घरी हे कसे करावे? खर्च जवळजवळ नाहीच. आधी कागदावर चार ओळी लिहाव्या: फोटो कोणाचा, कशासाठी, कोठे लावणार, कोणत्या वेळी काढणार. म्हाताऱ्या माणसांना सकाळी हुशारी असते. तीच वेळ धरावी. कपडे त्यांचे त्यांना निवडू द्यावेत. सून म्हणते नवी साडी नेसा. पण ज्या लुगड्यात आजी आजी दिसते, ते लुगडेच योग्य.

खुर्ची खिडकीपासून तीनचार फुटांवर, भिंतीपासून चारपाच फूट पुढे ठेवावी, म्हणजे भिंतीवर सावली पडत नाही. खिडकीतून ऊन येत असेल तर तिच्यावर पातळ पांढरे धोतर ताणून बांधावे. चेहरा खिडकीकडे अर्धा वळवावा. दुसऱ्या बाजूस खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर टाकावी किंवा थर्माकोलचा तक्ता उभा करावा. त्यावरून परतलेला उजेड सावलीतील गाल थोडा उघडा करतो. डोळ्यांत खिडकीचा पांढरा ठिपका दिसतो की नाही ते पाहावे. तो ठिपका नसेल तर डोळे विझलेले वाटतात. घरात तशी खिडकी नसेल तर पडवीची कड उत्तम. डोक्यावर छप्पर, समोर मोकळे आकाश.

मोबाइल असला तरी चालेल. काच पुसून घ्यावी. फ्लॅश बंद ठेवावा. फार जवळ जाऊ नये, नाक मोठे आणि कान लहान दिसतात. पाचसहा फुटांवर, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरावा, आणि त्यातच दुप्पट जवळ आणणारे भिंग असेल तर ते वापरावे. मग पडद्यावर त्या माणसाच्या चेहऱ्याला बोट लावावे, म्हणजे यंत्र चेहरा प्रमाण मानते. "हसा, हसा" असा तगादा लावू नये. आजोबांना पहिल्या बैलजोडीची गोष्ट विचारावी आणि वाट पाहावी.

गावोगावच्या बचत गटांतील आपल्या भगिनी आता लोणची, पापड, कोकमाचे सरबत विकतात, त्यांनाही हेच शास्त्र उपयोगी पडेल. मोठे व्यापारी जाहिरातीसाठी फोटो काढवून घेतात, तेव्हा काय दाखवावयाचे, किती चित्रे हवीत, ती कोठे छापावयाची, याची यादी आधी होते. दिव्यांची जागासुद्धा कागदावर आखतात. आपण ओसरीवर तितकेच करू शकतो. सरबताच्या बाटलीवर समोरून उजेड पाडला तर ती काळी दिसते. मागून पाडला तर कोकमाचा लाल रंग पेटून उठतो. पापडावर उजेड अगदी बाजूने, सपाट येऊ द्यावा, म्हणजे त्याचा खरखरीतपणा दिसतो. गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर जे मिळणार आहे, तेच फोटोत दिसावे. बरणीत आंबा हिरवा आणि फोटोत केशरी, असे एकदा झाले की दुसऱ्यांदा कोणी घेत नाही.

जो नियम आपण लोणच्याला लावतो, तो घरातील मुलीला मात्र लावीत नाही. आता त्या अन्यायाकडे येतो.

स्थळे पाहण्याच्या दिवसांत मुलींचे फोटो या घरातून त्या घरात जातात. त्यांतील कित्येक पाहिले की वाटते, या सगळ्या एकाच आईच्या लेकी आहेत की काय! सर्वांचा रंग एक, पिठासारखा. सावळी नाही, गव्हाळ नाही. कपाळावरची रेघ नाही, हनुवटीवरचा तीळ नाही. फोटो काढणाऱ्याला कोणी तरी सांगितलेले असते, "जरा उजळ करा," किंवा मोबाइलनेच आपण होऊन ते केलेले असते. पुढे पाहुणे घरी येतात, मुलगी पोह्यांची बशी घेऊन बाहेर येते, आणि पाहुण्यांची नजर एक क्षण तिच्या चेहऱ्यावर थबकते. तो क्षण त्या मुलीला आयुष्यभर आठवतो. दोष तिचा काहीच नसतो. तिच्या आईबापांनीच आधी जगाला कळविलेले असते की, आमची मुलगी आहे तशी दाखविण्याजोगी नाही.

यात यंत्राचाही काही वाटा आहे, तो न्यायाने सांगितला पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील काचा निळ्या उजेडाला फार आणि तांबड्याला फार थोड्या जाणत. त्यामुळे आपला तांबूस तपकिरी वर्ण आहे त्याहून काळा उमटे. पुढे रंगीत फिल्म आली, तेव्हा रंग बरोबर उमटले की नाही हे पडताळण्यासाठी कोडॅक कंपनी एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र नमुना म्हणून छपाईघरांना पाठवी. ती गोरी बाई नीट दिसली म्हणजे सर्व नीट, असा हिशेब होता. काळ्या माणसांनी तक्रारी केल्या. पण तपकिरी छटा सुधारण्याकडे कंपनीचे लक्ष वेधले गेले ते विशेषेकरून चॉकलेट आणि लाकडी सामानाच्या जाहिरातदारांमुळे, असे पुढे तेथील माणसांनीच सांगितले. माणसाच्या कातडीपेक्षा लाकडाच्या छटेची चिंता आधी झाली, ही मोठी खेदाची गोष्ट होय. अलीकडे मोबाइल बनविणाऱ्यांनी यात लक्ष घातले आहे. गूगलने 2021 साली आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात सर्व वर्ण खरे उमटावेत म्हणून मुद्दाम सुधारणा केली. आपल्याकडे 2020 साली 'फेअर अँड लव्हली' या प्रसिद्ध मलमाच्या नावातून गोरेपणाचा शब्द गेला. शब्द गेला, घराघरांतील हौस गेली असे मात्र म्हणवत नाही.

आपण म्हणाल, पूर्वीचे स्टुडिओवालेही काचेवर बारीक पेन्सिल चालवून सुरकुत्या पुसत असत. होय, पुसत असत. पण त्यांतील जो कुशल असे, तो आधी उजेड नीट मांडी, आणि मग पेन्सिलीला फारसे काम उरत नसे.

सावळ्या चेहऱ्याला गोरे करण्याची गरज नाही. त्याला उजेडात आणण्याची गरज आहे. या दोहोंत महदंतर आहे. गोरा वर्ण उजेड सर्व बाजूंना परतवितो. सावळा वर्ण त्याहून कमी परतवितो, पण त्यावर जी झळाळी येते ती फार सुंदर असते. घासलेल्या तांब्याच्या भांड्यावर खिडकीचा उजेड कसा लांबट पट्टीने खेळतो ते पाहावे. सावळ्या कपाळावर, गालाच्या हाडावर, नाकाच्या दांडीवर तोच खेळ चालतो. समोरून फ्लॅश मारला की ही झळाळी फुटून तेलकट डाग होतात. बाजूने मोठ्या खिडकीचा मऊ उजेड दिला की चेहऱ्याची सारी घडण उभी राहते. मागची भिंत पांढरीशुभ्र नसावी. यंत्र त्या पांढऱ्याला भुलून चेहरा काळवंडते. मातकट, हिरवट किंवा राखी भिंत बरी.

आपल्या लग्नांत तर ही अडचण हमखास येते. वधूचा पांढरा पोशाख आणि वराचा काळा कोट शेजारी शेजारी. यंत्र कोणाला प्रमाण मानणार? पांढरा सांभाळला तर वर अंधारात जातो, काळा सांभाळला तर वधूच्या पोशाखावरील सारे भरतकाम नाहीसे होते. जाणते छायाचित्रकार अशा वेळी वराला खिडकीच्या बाजूस उभे करतात आणि वधूला पलीकडे, म्हणजे काळ्या कोटाला उजेड थोडा जास्त मिळतो, पांढऱ्या पोशाखाला थोडा कमी, आणि दोघांचेही चेहरे राहतात. लग्न ठरले की वाजंत्री, जेवण, मंडप यांचा विचार महिनाभर चालतो. फोटोवाल्याशी मात्र केवळ पैशांची बोलणी होतात. त्याला एक दिवस आधी बोलावून जागा दाखवावी, उजेड कोठून येतो ते पाहू द्यावे, आणि एक वाक्य स्पष्ट सांगावे: "आमची माणसे आहेत तशी दिसली पाहिजेत." तो बिचारा आजवर सर्वांनी सांगितले म्हणून रंग लावीत आला आहे. कोणी तरी उलट सांगावयास हवे.

सारांश, येत्या एखाद्या सुट्टीच्या सकाळी घरातील सर्वांत वडील माणसाला खिडकीपाशी बसवा. त्यांच्यानंतर घरातील सर्वांत सावळ्या लेकीला त्याच खुर्चीवर, त्याच उजेडात बसवा, आणि तिचा फोटो निघाल्यावर रंगाला कोणीही हात लावू नका. दोन्ही फोटो कागदावर छापून घ्या. मोबाइल हरवतो, बिघडतो, बदलतो. छापलेल्या फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. आणि मग ते दोन्ही एकाच भिंतीवर, एकाच उंचीवर लावा. पाहुणे येतील तेव्हा मुलगी आतून ऐकत असेल. "ही आमची लेक," एवढेच म्हणा.